सगळे ट्रॅक शून्यापासून

आज मराठीतले बहुतेक गाणे एका जागी बसून तयार होत नाही. चाल एका घरात सुचते, संयोजनाचा कच्चा आराखडा दुसऱ्या घरातल्या संगणकावर उभा राहतो, पखवाज आणि टाळ तिसरीकडे वाजतात, गायिका मोठ्या स्टुडिओत येऊन आवाज डब करते, बासरीवादक आपल्या घरून दोन टेक पाठवतो आणि या सगळ्याचे मिक्सिंग अंधेरीतल्या एखाद्या स्टुडिओत होते. मी पुण्यात घरीच ध्वनिमुद्रण करते. अभंग, भावगीते, नाटकांचे पार्श्वसंगीत आणि भाद्रपद जवळ आला की एखाद्या मंडळाचे गणपतीचे गाणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. घरातले ट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्याचे किंवा आवाजाचे वेगळे ध्वनिमुद्रण, स्टुडिओत पोचवणे आणि स्टुडिओतले घरी आणणे हा त्या कामाचा रोजचा भाग असल्यामुळे त्याबद्दल माझे एक मत पक्के झाले आहे. आवाज पोचवणे सोपे असते. त्या आवाजाची वेळ पोचवणे अवघड असते. फाइल आवाज इमानाने घेऊन जाते, पण तो आवाज गाण्यात नेमका कधी यायचा, कोणत्या गतीने यायचा आणि कोणाबरोबर यायचा, हे तिच्यासोबत आपोआप जात नाही. ते पाठवणाऱ्याने मुद्दाम द्यावे लागते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण ट्रॅक फिरत नव्हते, माणसे फिरत होती. ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब अशा ठिकाणी सगळा वाद्यवृंद एका दालनात बसत असे, गायक त्याच वेळी गात असे, आणि जे काही जुळायचे ते तिथेच, एकमेकांकडे बघत जुळत असे. पुढे मल्टिट्रॅक टेप आली. दोन इंच रुंदीच्या टेपवर शेजारीशेजारी २४ ट्रॅक मावत, आणि २,५०० फुटांचे रीळ सेकंदाला ३० इंच या गतीने सोळा मिनिटे चाळीस सेकंदांत संपत असे. रीळ एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत जाऊ लागले, तेव्हा त्याच्या सुरुवातीला ठरावीक कंपनसंख्येचे सूर भरून ठेवण्याची पद्धत होती. दुसऱ्या स्टुडिओतला तंत्रज्ञ आधी ते सूर वाजवून आपले यंत्र त्या रिळाशी जुळवून घेत असे आणि मगच गाण्याला हात लावत असे. डब्यात एक ट्रॅकशीट असे, त्यावर कोणत्या ट्रॅकवर कोणते वाद्य आहे ते हाताने लिहिलेले असे. मला ही पद्धत फार आवडते. आपल्यानंतर हे रीळ ज्याच्या हातात जाईल, त्याला आपण काय केले ते कळावे म्हणून मुद्दाम खर्च केलेली ती काही मिनिटे असत, आणि टेप महाग असतानाही ती खर्च केली जात.

टेपचा आणखी एक गुण होता, जो ती गेल्यावर लक्षात आला. चोवीसही ट्रॅक एकाच पट्टीवर असल्यामुळे ते एकमेकांपासून सरकूच शकत नसत. यंत्र थोडे हळू चालले तर सगळेच हळू चालत. पखवाज आणि टाळ यांच्यातले अंतर टेपमध्ये कायमचे बांधलेले असे.

घर आणि स्टुडिओ यांच्यात खरी वाट तयार झाली ती एडॅटमुळे. अलेसिस कंपनीने हे यंत्र १९९१मध्ये जाहीर केले आणि १९९२मध्ये ते बाजारात आले. व्हिडिओच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक घेणारे हे यंत्र एखादा संगीतकार स्वतःच्या घरी ठेवू शकत होता. जास्त ट्रॅक हवे असतील तर अशी यंत्रे एकमेकांना जोडता येत. सोळा यंत्रांचे १२८ ट्रॅक होत. घरी वाजवलेली कॅसेट पिशवीत टाकून मोठ्या स्टुडिओत न्यायची, तिथल्या यंत्रात घालायची आणि पुढचे काम सुरू करायचे, हे त्यामुळे शक्य झाले. त्यानंतर हार्ड डिस्क आल्या, प्रो टूल्स हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर आले, आणि प्रत्येक ट्रॅक म्हणजे एक स्वतंत्र फाइल झाली. सोय प्रचंड वाढली. मात्र टेपने जे बांधून ठेवले होते ते सुटले. तीस ट्रॅकच्या तीस फाइली झाल्या आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे काहीच उरले नाही. ते सेशनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने त्या गाण्यासाठी ठेवलेल्या मांडणीच्या फाइलमध्ये, असते, आणि समोरच्याकडे ते सॉफ्टवेअर नसेल तर सेशन उघडत नाही.

म्हणून या व्यवहारातला पहिला नियम असा, की सगळे ट्रॅक शून्यापासून द्यायचे. बासरी पहिल्यांदा तिसऱ्या मिनिटाला वाजत असली तरी तिची फाइल गाण्याच्या अगदी आरंभापासून सुरू झाली पाहिजे, आधीची तीन मिनिटे निव्वळ शांतता असली तरी चालेल. तुकडे तुकडे जोडून एक सलग फाइल करायची आणि सगळ्या फाइलींची सुरुवात एकाच क्षणाला ठेवायची. मग जगातल्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या सगळ्या एकाखाली एक ओढून ठेवल्या की गाणे जुळलेले असते. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७मध्ये ब्रॉडकास्ट वेव्ह हा प्रकार आणला. त्यात फाइलच्या पोटातच तिची वेळ लिहिता येते, तीही मध्यरात्रीपासून किती सॅम्पल, म्हणजे आवाजाची सेकंदाला हजारो वेळा घेतलेली मोजमापे, उलटले याच्या हिशोबात. चित्रपटाच्या लोकेशन साउंडमध्ये त्याचा फार उपयोग होतो. पण समोरचे सॉफ्टवेअर ती नोंद वाचेलच असे नसते आणि वाचली तरी ती मानण्याचा पर्याय कोणी तरी निवडावा लागतो. शून्यापासून दिलेल्या फाइलीला कोणाच्याच मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही.

इतके केले तरी गतीचा प्रश्न उरतो, आणि आपल्या संगीतात तो जास्त बिकट आहे. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमध्ये टिकटिकणाऱ्या ठरावीक ठोक्यांवर, बांधलेले गाणे असेल तर गतीचा एक आकडा लिहून पाठवला की काम भागते. अभंगाचे तसे नसते. तो संथ सुरू होतो, दुसऱ्या कडव्याला नकळत पुढे सरकतो आणि शेवटच्या गजरात लय जवळपास दुप्पट होते. ही वाढ कोणी ठरवून करत नाही. पखवाज, टाळ आणि गाणारा यांच्यात ती होत जाते, आणि ती ज्या ठिकाणी होते तिथेच त्या अभंगाचा प्राण असतो.

असा एक अभंग मी आळंदीकडच्या एका वयस्कर पखवाजवादकाबरोबर घरी केला होता. क्लिक लावली नव्हती. बुवा पखवाजावर, दोन टाळकरी त्यांच्या समोर आणि वाटाड्या म्हणून तात्पुरता गायलेला आवाज, म्हणजे पायलट, माझा, असे एका खोलीत एकदम वाजवले होते. दारा-खिडक्यांना गोधड्या टांगल्या होत्या, पंखा बंद होता, आणि कणीक लावताना बुवांनी पखवाजाच्या डाव्या बाजूचा सूर असा काही साधला होता की त्या घुमाऱ्यासाठीच तो टेक ठेवावा. ट्रॅक मिक्सिंगला एका मोठ्या स्टुडिओत गेले. तिथला तंत्रज्ञ हुशार होता, पण त्याचे बहुतेक काम क्लिकवरच्या गाण्यांचे. त्याच्या सेशनमध्ये गती होती मिनिटाला १२० ठोके, कारण बहुतेक सॉफ्टवेअर नवे सेशन उघडताना तीच गती धरतात. आमचे ट्रॅक पडद्यावरच्या त्या गतीच्या रेषांवर, म्हणजे ग्रिडवर, बसत नाहीत हे पाहून त्याने मदत म्हणूनच ते बसवले. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांचे तुकडे पाडले, प्रत्येक भागाची एक सरासरी गती काढली आणि प्रत्येक ठोका ग्रिडवर नेऊन ठेवला. घाटासारखी हळूहळू चढत जाणारी लय परत आली तेव्हा तिचा जिना झालेला होता. एक कडवे एका गतीत, दुसरे कडवे दुसऱ्या गतीत, मध्ये एक पायरी.

मी तो मिक्स बुवांना ऐकवला. हेडफोन लावून त्यांनी पहिले कडवे ऐकले, दुसऱ्याच्या सुरुवातीला डोळे मिटले आणि हेडफोन काढून म्हणाले, "माऊली, बोल माझेच आहेत, पण हात माझा नाही." त्यांना ग्रिड माहीत नव्हता, ठोके ग्रिडवर बसवण्याला म्हणतात तो क्वांटाइझ हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता. एकही ठोका चुकलेला नव्हता, उलट प्रत्येक ठोका आता अचूक होता. तरी दोन ठोक्यांमधली जागा त्यांची नव्हती, हे त्यांना अर्ध्या मिनिटात कळले. मूळ फाइली माझ्याकडे होत्या, त्यामुळे काम पुन्हा करता आले. त्या तंत्रज्ञाला मी दोष देत नाही, कारण हा अभंग मोकळ्या लयीत वाजवला आहे हे कोणत्याही फाइलीवर लिहिलेले नसते आणि वेव्ह फाइलच्या लाटांकडे बघून ते कळण्यासारखे नसते.

तेव्हापासून मी अभंगाचे ट्रॅक पाठवताना आणखी दोन गोष्टी जोडते. एक म्हणजे गतीचा नकाशा. प्रत्येक समेवर खूण करत गेले की सॉफ्टवेअर त्या खुणांवरून गतीचा आलेख तयार करते आणि तो मिडी फाइलमध्ये, म्हणजे आवाजाऐवजी सूर-तालाच्या सूचना ठेवणाऱ्या फाइलमध्ये, बाहेर काढता येतो. समोरच्याने तो आपल्या सेशनमध्ये घेतला की ग्रिडच्या रेषा आमच्या लयीप्रमाणे वाकतात. मग त्याला सिंथचा एखादा पॅड, म्हणजे लांब सलग सूर, घालायचा असेल, डिले, म्हणजे आवाजाचा पडसाद, मात्रेशी जुळवायचा असेल, तर तो बुवांच्या हाताला जुळवू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे साध्या मजकुराची एक चिठ्ठी. तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेले असते की हे मोकळ्या लयीतले आहे, कृपया कोणताही ठोका हलवू नये. त्याखाली आधार स्वर, ताल, सॅम्पल रेट, बिट, एकूण ट्रॅक आणि कडवी कुठे सुरू होतात त्यांच्या वेळा. जुन्या ट्रॅकशीटचेच हे काम आहे, आणि मला वाटते की ट्रॅकशीट बंद व्हायला नको होते.

सॅम्पल रेटचा उल्लेख आला म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण वेळेचा सर्वांत लबाड घोटाळा तिथे होतो. सीडीच्या परंपरेने गाण्यासाठी सेकंदाला ४४,१०० सॅम्पल घेतले जातात आणि चित्रपट-दूरचित्रवाणीच्या परंपरेने ४८,०००. घरी ४८ किलोहर्ट्झवर केलेली फाइल ४४.१च्या सेशनमध्ये रूपांतर न करता वाजली तर ती हळू वाजते आणि सूरही उतरतो. चार मिनिटांचे गाणे चार मिनिटे एकवीस सेकंदांचे होते. सूर पेटीच्या जवळजवळ दीड पट्टीने, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून, खाली येतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मध्ये कुठे तरी जाऊन बसतो, जिथे पेटीला पट्टीच नाही. शेजारी एकही पेटी किंवा कीबोर्ड असेल तर हे लगेच उघडे पडते. पण सगळेच ट्रॅक एकत्र उतरले असतील आणि मिक्स करणाऱ्याने त्या गायिकेला पूर्वी ऐकलेले नसेल, तर त्याला एवढेच वाटते की आवाज थोडा जड आहे आणि गाणे थोडे निवांत आहे. यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. त्याच्याजवळ तुलनेला काही नाही. यासाठी मी घरी केलेला कच्चा मिक्स नेहमी सोबत देते, तोही त्याच सॅम्पल रेटमध्ये, शून्यापासून. सगळे ट्रॅक लावल्यावर हा कच्चा मिक्स शेवटच्या ठोक्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालला पाहिजे. नाही चालला तर काम तिथेच थांबवायचे.

बिटबद्दल, म्हणजे प्रत्येक सॅम्पल किती बारकाईने नोंदवायचा याबद्दल, फार लिहिण्यासारखे नाही. २४ बिटमध्ये काम करावे, आवाजाचे शिखर शून्यापेक्षा, म्हणजे यंत्राच्या कमाल पातळीपेक्षा, सहा-आठ डेसिबल खालीच राहू द्यावे आणि पाठवण्यापूर्वी फाइल मोठी करण्याचा मोह टाळावा. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातल्या अंतराची १६ बिटची मर्यादा सुमारे ९६ डेसिबलची आणि २४ची तत्त्वतः १४४ची असते, त्यामुळे हळू भरलेला आवाज नंतर सुखाने वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र नीट होत नाही.

घरच्या ध्वनिमुद्रणात वेळ सरकण्याचे आणखी एक कारण असते, ते लेटन्सीचे. वाजवणाऱ्याच्या हेडफोनमध्ये संगणकातून आवाज येतो, तो ऐकून तो वाजवतो, आणि ते वाजवणे पुन्हा संगणकात जाते. या फेरीला वेळ लागतो. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, सुमारे सव्वापाच मिलिसेकंदांचा असतो, आणि जाण्या-येण्याचे मिळून दहाच्या वर जातात. सॉफ्टवेअर ही वेळ वजा करते, पण माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसने आपली वेळ चुकीची सांगितली असेल तर वजाबाकीही चुकते. एक तार घेऊन इंटरफेसचा आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडावा, एक क्लिक वाजवून पुन्हा रेकॉर्ड करावी आणि दोन्हींमध्ये किती सॅम्पलचे अंतर पडते ते बघावे. हे एकदा मोजून ठेवले की त्या यंत्रापुरती चिंता मिटते. दहा मिलिसेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण टाळ आणि पखवाजाची थाप यांच्यात तेवढे अंतर पडले की सम दुहेरी ऐकू येते.

हे मोजत असताना मला वारीची आठवण होते. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दिंडीत मृदंगापासून वीस मीटर मागे चालणाऱ्या टाळकऱ्याला मृदंगाची थाप जवळपास साठ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते, म्हणजे माझ्या इंटरफेसच्या चुकीच्या कितीतरी पट. तरी दिंडी विस्कटत नाही. मला वाटते, टाळकरी कानाइतकाच पावलांनी आणि पुढच्याच्या खांद्यांच्या हालचालीने ताल धरतो, आणि शिवाय प्रत्येक ऐकणारा स्वतःही त्या अंतरातच कुठे तरी उभा असतो. माइकने मात्र सगळ्यांना एकाच बिंदूवर आणून ठेवलेले असते. त्या बिंदूवर दहा मिलिसेकंदही लपत नाहीत.

परदेशातून आवाज मागवताना हे सगळे घोटाळे एकाच वेळी भेटीला येतात. न्यू जर्सीत राहणारी एक गायिका गणेशोत्सवाच्या आधी माझ्यासाठी गाते. त्या दिवसांत तिच्या आणि आमच्या घड्याळांत साडेनऊ तासांचे अंतर असते, त्यामुळे ती रात्री मुलांना झोपवून गाते आणि मी सकाळी चहाबरोबर ऐकते. तिला सोपे जावे म्हणून साथीचा ट्रॅक एमपी३ करून पाठवण्याचा मोह होतो. एमपी३ तयार होताना आणि पुन्हा उलगडताना फाइलच्या आरंभी थोडी मोकळी जागा शिरते, हजारभर सॅम्पलची, म्हणजे पंचवीसेक मिलिसेकंदांची. काही सॉफ्टवेअर ती ओळखून काढून टाकतात, काही टाकत नाहीत. ती त्या साथीवर गाते, इमानाने शून्यापासून फाइल काढून पाठवते आणि इथे माझ्या मूळ ट्रॅकवर ठेवल्यावर तिचा प्रत्येक शब्द अंमळ मागे पडतो. आळसून गायल्यासारखे वाटते, जेव्हा की ती अगदी लयीत गायलेली असते. एखाद्या चांगल्या गायिकेबद्दल असा गैरसमज नुसत्या फाइलच्या प्रकारामुळे व्हावा, हे मला फार अन्यायाचे वाटते.

आता साथ वेव्हमध्येच जाते आणि तिच्या आरंभी एक मोठी टाळी असते. गायिकेला एवढेच सांगितलेले असते की, ताई, गाण्यापूर्वी एक वेळ हेडफोन माइकजवळ धरायचा आणि ती टाळी आपल्याच ट्रॅकवर रेकॉर्ड होऊ द्यायची. इथे आल्यावर तिच्या ट्रॅकवरची टाळी माझ्या टाळीवर नेऊन ठेवली की फाइलचा उशीर, तिच्या संगणकाचा उशीर, सगळे एकदम वजा होते. तिने जे ऐकले आणि त्यावर ती जशी गायली, तसेच माझ्याकडे येते. आणखी एक विनंती असते की तयार टेक व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून टाकू नये, कारण तिथे आवाज दाबला जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

घरून फाइल पाठवणाऱ्यांचे एक चुकते असे मला वाटते. ते ट्रॅक फार स्वच्छ करतात. पंख्याची घरघर काढण्यासाठी नॉइज रिडक्शन लावतात, दोन ओळींमधले श्वास कापतात, आवाज संपताक्षणी फाइल मिटवून टाकतात. घराला लाजण्याचे काही कारण नाही. स्टुडिओतल्या माणसाकडे आपल्यापेक्षा चांगली साधने आणि शांत खोली असते, त्याला कच्चा आवाज मिळाला तर तो हवे तेवढेच काढतो. आपण घाईने काढलेले मात्र परत घालता येत नाही. श्वास तर कापूच नये, कारण ओळ किती उत्सुकतेने किंवा किती सावकाश उचलली आहे हे त्या श्वासात आधीच ठरलेले असते. चैत्रात माझ्या खिडकीबाहेर कोकीळ ओरडते आणि दोन-तीन टेकमध्ये ती आहे. मी ते टेकही पाठवते, सोबत चिठ्ठीत कोकिळेची वेळ लिहून. घरी लावलेला रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, असेल तर कोरडा ट्रॅक वेगळा आणि रिव्हर्बचा वेगळा द्यावा. ज्या डिलेवर वाजवण्याची चालच अवलंबून आहे, तो तेवढा आवाजातच भरून द्यावा.

उलट प्रवासाकडे, म्हणजे स्टुडिओतून घरी येणाऱ्या ट्रॅककडे, आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. शिफ्ट संपत आलेली असते, पुढची मंडळी बाहेर येऊन थांबलेली असतात, आणि तंत्रज्ञ म्हणतो की उद्या लिंक पाठवतो. मी शिफ्टची शेवटची वीस मिनिटे कॉपीसाठी राखून ठेवते आणि डिस्क हातात घेतल्याशिवाय उठत नाही. जोडून तयार केलेला आवाज तर हवाच, पण मूळ टेकही हवेत, न सुधारलेले, सूर न दुरुस्त केलेले. दोन महिन्यांनी गायिकेलाच वाटू शकते की तिसऱ्या टेकमधली ती किंचित कापरी ओळच खरी होती. स्टुडिओच्या डिस्कवर जागा कायम कोणासाठी राखलेली नसते.

वाहतुकीच्या साधनांबद्दल थोडक्यात सांगते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ मेगाबाइट घेतो. सहा मिनिटांचा तीस ट्रॅकचा अभंग दीड गिगाबाइटच्या आसपास जातो, जो आता घरच्या इंटरनेटवरून सहज जातो. तरी एकाच वाटेवर विसंबू नये. मे २०२०मध्ये सगळे जण घरी अडकलेले असताना आणि सगळे काम ऑनलाइन चालू असताना दूरसंचार विभागाच्या आदेशाने वीट्रान्सफर हे मोठ्या फाइली पाठवण्याचे संकेतस्थळ भारतात बंद झाले, तेव्हा दुसरी वाट ज्यांनी ठेवली नव्हती त्यांचे काम अडले. डिस्क न्यायची असेल तर ती एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट केलेली असावी, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हींवर लिहिता येते. फाइलींची नावे रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, आरंभी क्रमांक लावून द्यावीत. मला देवनागरीत नावे द्यायला आवडले असते, पण झिप करून एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना ती अक्षरे अजूनही कधी कधी मोडतात. आणि समोरच्याने मिळाले म्हटल्याशिवाय, त्याने सगळे ट्रॅक लावून कच्च्या मिक्सबरोबर शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय, आपली एकही प्रत पुसू नये.

मिक्स झाल्यावर मी स्टुडिओकडून प्रत्येक ट्रॅक पुन्हा एकदा मागते, सगळे इफेक्ट भरलेला, शून्यापासून, साध्या वेव्हमध्ये. सेशनची फाइलही घेते, पण तिच्यावर भिस्त ठेवत नाही. बिटविग आणि प्रीसोनस या दोन कंपन्यांनी २०२३मध्ये डॉप्रोजेक्ट हा खुला प्रकार आणला, ज्यात एका सॉफ्टवेअरमधले सेशन दुसऱ्यात बऱ्याच अंशी उघडते, आणि सर्वांनी तो स्वीकारावा असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत पुढच्या पंधरा वर्षांनी नक्की उघडेल असे साधी वेव्ह सोडून दुसरे काही माझ्या डोळ्यांसमोर नाही.

हे वाटण्यामागे सध्या माझ्या टेबलावर असलेले काम आहे. एका ज्येष्ठ संगीतकारांच्या घरी नव्वदच्या दशकात केलेल्या भावगीतांच्या एडॅट कॅसेट त्यांच्या मुलीने माझ्याकडे दिल्या आहेत. प्रत्येक गाणे दोन कॅसेटवर आहे, आठ-आठ ट्रॅक. तेव्हा दोन यंत्रे एकमेकांना जोडून ती एकदम चालवली होती. आज चालू अवस्थेतले एकच यंत्र मिळाले, त्यामुळे आधी एक कॅसेट संगणकात घ्यायची, मग दुसरी, आणि त्या हाताने जुळवायच्या. सुदैवाने त्या काळी घरी बसून काम करणाऱ्या या गृहस्थांनी दोन्ही कॅसेटवर गाण्याआधी क्लिकच्या चार मात्रा भरून ठेवल्या आहेत आणि डब्यात वहीच्या पानावर लिहिलेली ट्रॅकशीट आहे. संगणकाचे घड्याळ एडॅटच्या घड्याळाला बांधून घेतले, की त्या चार मात्रा एकमेकींवर बसवल्यावर गाणे अखेरपर्यंत जुळलेले राहते. पाच गाणी अशी जुळून झाली आहेत. सहाव्याच्या दुसऱ्या कॅसेटवर व्हायोलिनच्या ट्रॅकमध्ये मध्येच आवाज तुटतो, म्हणून ती पुन्हा सावकाश चालवून बघायची आहे. नंतर सगळे ट्रॅक एका डिस्कवर मुंबईला मिक्सिंगला जातील, आणि चिठ्ठीसोबत त्या वहीच्या पानाचे छायाचित्रही जाईल.